सगळंच रोज्यांमुळे होत नाही

गेल्या रमजानमधली गोष्ट. आमची आपा झपाट्याने वाळत चालली होती. इफ्तारला पोटभर खायची, सहरीला नेहमीपेक्षा एक चपाती जास्तच, तरी कपडे सैल होत होते. छातीत धडधड, सारखा घाम, रात्री डोळ्याला डोळा नाही. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं : रोज्यांमुळे होतंय, ईदनंतर अंग भरून येईल.

एका संध्याकाळी ती शेजारच्या काकूंना खिरीची वाटी द्यायला गेली. वाटीतला चमचा खडखडत होता. काकूंनी तिचा हात धरला. "बाई गं, हा उपासाचा अशक्तपणा नव्हे. माझा थायरॉईड वाढला होता तेव्हा माझेही हात असेच थरथरायचे. उद्याच रक्त तपासून घे."

काकूंचं खरं ठरलं. रिपोर्टमध्ये टीएसएच अगदी खाली आणि टी-३, टी-४ वाढलेले.

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या बाजूची फुलपाखराच्या आकाराची छोटी ग्रंथी. शरीराच्या कामाचा वेग तिच्या हार्मोन्सवर ठरतो. ती गरजेपेक्षा जास्त हार्मोन सोडू लागली की घरातला पंखा पाचवर अडकावा तसं होतं. खाल्लेलं भराभर जळतं, भूक वाढूनही वजन उतरतं, उकाडा सोसत नाही, चिडचिड होते, जुलाब होतात, पाळी कमी येते, जिना चढताना मांड्या भरून येतात. काहींचे डोळे पुढे आल्यासारखे दिसतात. दुखणं अंगावर काढलं तर हाडं ठिसूळ होतात आणि हृदयाचे ठोके अनियमित होऊन अर्धांगवायूचा झटकाही येऊ शकतो. बायकांमध्ये हा आजार जास्त आढळतो.

इलाज मात्र आहे, आणि आपल्या परळलाच आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर इथे 1963 पासून चालू आहे. बऱ्याच जणांना गोळ्यांनी बरं वाटतं. काहींना किरणोत्सारी आयोडीन-131 तोंडावाटे देतात. आयोडीन खेचून घेणं हा थायरॉईडचा स्वभावच. त्यामुळे औषध नेमकं तिथे पोचतं आणि जास्तीच्या पेशी शांत करतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना ते देत नाहीत. पुढे अनेकांचा थायरॉईड मंदावतो, मग रोज एक गोळी घ्यावी लागते.

आपाला डॉक्टरांनी रोजे थांबवायला सांगितले, तेव्हा ती रडली. आजाऱ्याला राहिलेले रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआनातच आहे, हे अब्बांनी तिला समजावलं. आजार आटोक्यात असेल तर गोळ्यांच्या वेळा सहरी-इफ्तारला बसवता येतात का, हे डॉक्टरांना विचारावं. गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

यंदा आपाचे रोजे चालू आहेत, डॉक्टरांना विचारूनच. काल काकूंकडे खीर तिनेच नेली. चमचा वाजला नाही.