एकत्र येण्याचे तिकीट

नेहरू नगरातल्या आमच्या घरात कालनिर्णयच्या पानाची मागची बाजू दुधाच्या हिशेबासाठी असते. २०२५ च्या मार्च महिन्यात तिथे भाच्याने दुसराच हिशेब मांडला. तिकीट, पंजाब मेलचे जाणे-येणे, मुंबईत एका रात्रीची सोय, टॅक्सी, खाणे. १७ मे रोजी महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘गन्स एन रोझेस’ येणार होते. भोपाळहून जाणाऱ्याला तिकीट म्हणजे फक्त पहिला आकडा असतो; खालची बेरीज पाहता पाहता त्याच्या पुढे जाते. ‘‘मामा, अ‍ॅक्सल आणि स्लॅश एका मंचावर! पुन्हा कोणी बघितलंय?’’ एवढे बोलून त्याने बेरजेखाली रेघ ओढली.

त्याचे म्हणणे मला पटले. या बँडची ‘अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ ही कॅसेट मी न्यू मार्केटमधून घेतली होती आणि फीत गुंतली की पेन्सिलीने सोडवत ती अनेक वर्षे वाजवली. गिटार वाजवणारा स्लॅश बँड सोडून गेल्याची बातमी १९९६ च्या ऑक्टोबरअखेरीस आली. पुढच्या वर्षी बेस वाजवणारा डफ मॅकेगनही गेला. बँडचे नाव गायक अ‍ॅक्सल रोझकडे राहिले. भारतातल्या चाहत्यांच्या वाट्याला मग हा बँड निम्मा-निम्मा आला. डिसेंबर २०१२ मध्ये अ‍ॅक्सल नवे वादक घेऊन वांद्र्याच्या एमएमआरडीए मैदानावर गाऊन गेला. नोव्हेंबर २०१५ मध्ये स्लॅश स्वतःचा संच घेऊन मुंबईला आला. दोन्हीकडे तीच जुनी गाणी, दोन्हीकडे तिकीट वेगळे. पुन्हा एकत्र येणार का, असे २०१२ मध्ये कुणीतरी अ‍ॅक्सलला विचारले, तेव्हा या जन्मात तरी नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले होते. २०१६ च्या एप्रिलमध्ये दोघे एकत्र आले आणि दौऱ्याला नाव दिले ते त्याच उत्तराचे. साडेतीन वर्षे चाललेल्या त्या दौऱ्याने ५८ कोटी डॉलरच्या वर कमाई केली.

हा आकडा वाचला तेव्हापासून मला तिकिटांचा नाद लागला. गाण्यांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. पण तिकिटाचा दर कोणी ठरवला, त्यातला किती भाग कुणाकडे गेला आणि हे विचारण्याची तसदी कुणी घेतली, याचा शोध मी जमेल तसा घेत राहिलो.

ताज्या गोष्टी वाचकांना ठाऊकच आहेत, त्या भराभर सांगतो. गॅलाघर बंधूंच्या ‘ओअ‍ॅसिस’ने फुटीनंतर पंधरा वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये पुनरागमन जाहीर केले. विक्रीच्या दिवशी लोक तासन् तास ऑनलाइन रांगेत राहिले आणि नंबर लागला तेव्हा दीडशे पौंडांच्या आसपासचे उभ्याचे तिकीट ३५५ पौंडांवर गेलेले दिसले. मागणी पाहून दर हलवण्याची ही पद्धत विमान कंपन्यांची. विमानाचा प्रवासी दुसऱ्या दिवशी जाऊ शकतो, चाहत्याला दुसरा दिवस नसतो. म्हणून मला ती पद्धत इथे अन्यायाची वाटते. पुढच्याच महिन्यात आपल्याकडे ‘कोल्डप्ले’. हा बँड कधी फुटलाच नव्हता, पण अधीरता तीच. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमची तिकिटे २,५०० रुपयांपासून पुढे होती, लाउंजचे ३५,०००. विक्रीच्या दिवशी १ कोटी ३० लाख लोकांनी लॉगइन केल्याचे विक्रेत्या कंपनीनेच सांगितले. काही तासांत तीच तिकिटे पुनर्विक्रीच्या बाजारात लाखांच्या बोलीवर दिसू लागली. पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी केली, काळ्या बाजाराविरुद्ध उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये ती फेटाळली गेली. नियम करणे हे सरकारचे आणि विधिमंडळाचे काम, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. या सगळ्यात एक गोष्ट मात्र चांगली झाली. त्याच बँडने मागाहून काही तिकिटे २,००० रुपयांना, एकाला फक्त दोनच आणि जोडीनेच, अशी विकली. दर खाली ठेवायचा असे मनात असले की ठेवता येतो.

आता मागे जाऊ. कारण अशा तिकिटाची मराठी गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे.

८ जुलै १९२१. मुंबईतले बालीवाला थिएटर. प्रयोग ‘संयुक्त मानापमान’चा. खाडिलकरांचे हे नाटक दहा वर्षांपूर्वी, १९११ मध्ये किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणले होते. गोविंदराव टेंब्यांच्या चाली आणि बालगंधर्वांची भामिनी यांनी तेव्हाच महाराष्ट्राला वेड लावले होते. १९१३ मध्ये बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. दुसरीकडे कोल्हापूरच्या केशवराव भोसल्यांची ‘ललितकलादर्श’. केशवरावांचा चढा, धारदार आवाज आणि तानेची झेप. बालगंधर्वांचा लडिवाळ, लयीला लगडलेला गळा. महाराष्ट्रात त्यावरून सरळ दोन तट पडले होते. या दोघांना एका रंगमंचावर पाहायला मिळेल, असे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. टिळक स्वराज्य फंडासाठी ते घडले. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी.

दर शंभर रुपयांपर्यंत चढले होते, असे जुने लोक सांगत आले. उत्पन्नाचा सांगितला जाणारा आकडा सोळा-सतरा हजारांचा आहे. मला यात दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. पैसा कुठे जाणार, हे तिकीट घेणाऱ्याला आधीपासून माहीत होते. आणि एरवी एकमेकांवर मात करू पाहणाऱ्या दोन मंडळ्या त्यासाठी एकत्र आल्या होत्या. ज्याने महागडे तिकीट घेतले, त्याने एका रात्रीत आपली हौसही भागवली आणि देशकार्याला हातभारही लावला. पुढे संयुक्त ‘सौभद्र’ही रंगले. पण हा योग फार काळ टिकायचा नव्हता. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव गेले. वय एकतीस. ज्यांनी त्या जुलैत पदरमोड करून तिकीट काढले, त्यांना तीन महिन्यांनी आपल्या खर्चाची किंमत कळली असेल. पुन्हा कोणी बघितलंय, हा भाच्याचा प्रश्न त्यांच्या बाबतीत शब्दशः खरा ठरला.

‘संयुक्त मानापमान’नंतर दोनच वर्षांनी, १९२३ मध्ये, मुंबई इलाख्यात करमणूक शुल्काचा कायदा आला. नाटक, सिनेमा, जलसा, शर्यत, जिथे प्रवेशाला पैसे पडतात तिथे सरकारचा वाटा. त्याच्या सहाव्या कलमात सूट देण्याची तरतूद होती: खेळाचे उत्पन्न धर्मादाय कामाला जात असेल तर शुल्क माफ होऊ शकत होते, शिवाय सरकार खास आदेशानेही सूट देऊ शकत होते. मी हे कलम पुन्हा पुन्हा वाचले आहे. पुढची पाऊणशे वर्षे आपल्याकडचे मोठे जलसे याच कलमाच्या आसपास फिरत राहिले. मार्च १९८० मध्ये ‘पोलिस’ हा इंग्रज बँड मुंबईत वाजवून गेला, तोही ‘टाइम अँड टॅलेंट्स क्लब’ या समाजकार्य करणाऱ्या महिलांच्या संस्थेने बोलावला म्हणून. (हाच बँड २००७ मध्ये पुन्हा जुळला, जगभर फिरला, आपल्याकडे मात्र फिरकला नाही.) परदेशी कलाकार आणि धर्मादाय कारण ही जोडी लोकांच्या अंगवळणी पडली होती. म्हणून १९९६ मध्ये जे झाले, त्याला आव्हान मिळेल असे कुणाला वाटले नसावे.

१ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरीच्या क्रीडा संकुलात मायकेल जॅक्सन नाचला. स्लॅशने बँड सोडल्याची बातमी नुकतीच येऊन गेली होती. जॅक्सनच्या ‘डेंजरस’ अल्बममध्ये एका गाण्याला त्याचीच गिटार आहे, त्यामुळे ते दिवस माझ्या चांगले लक्षात आहेत. कार्यक्रम शिव उद्योग सेनेसाठी होता, हेतू मराठी बेरोजगार तरुणांना रोजगार, आयोजन ‘विझक्राफ्ट’चे. राज्यात युतीचे सरकार होते आणि मुख्यमंत्री मनोहर जोशी. सरकारने करमणूक शुल्क माफ केले. ही रक्कम सुमारे ३ कोटी ३४ लाख रुपये.

मुंबई ग्राहक पंचायत उच्च न्यायालयात गेली.

ही संस्था कोण, हे इथे सांगायला हवे. १९७५ च्या सुमारास बिंदुमाधव जोशींच्या प्रेरणेने उभी राहिलेली. सुधीर फडके यांच्यासारखी माणसे सुरुवातीपासून सोबत. काम काय, तर शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट करायचे, महिन्याचे वाणसामान एकत्र घाऊक दराने आणायचे आणि वाटून घ्यायचे. तूरडाळ, साखर, साबण. यादी करणाऱ्या, वजन तपासणाऱ्या, वाटप करणाऱ्या बहुतेक बायका. डाळीच्या वजनात फसगत होऊ नये म्हणून जन्मलेल्या या संस्थेने जगातल्या सर्वांत मोठ्या पॉप गायकाच्या तिकिटावर बोट ठेवले. मुद्दा सरळ होता. हे शुल्क जनतेचे आहे. ते सोडायचे तर त्यामागे जनतेचे हित दाखवा. सत्तेतल्या पक्षाच्या जवळच्या संस्थेसाठी, इतक्या महागड्या व्यावसायिक कार्यक्रमाला, ही सवलत कशी?

माझ्या सगळ्या शोधात मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो या याचिकेबद्दल. गाणे वाईट आहे, नाच अश्लील आहे, परकी संस्कृती नको, असले आक्षेप त्या काळी पुष्कळ जण घेत होते. पंचायतीने त्यातला एकही वाद ओढवून घेतला नाही. हिशेब मागितला. चाहत्यांचा अपमान न करता चाहत्यांच्या पैशाबद्दल प्रश्न विचारता येतो, हे तिने दाखवले.

शुल्काची रक्कम न्यायालयात जमा झाली आणि तिथेच पडून राहिली. सरकारे बदलली. २००९ मध्ये जॅक्सन मरण पावला, खटला जिवंत होता. २०११ मध्ये उच्च न्यायालयाने माफीचा निर्णय रद्द केला आणि सरकारला नव्याने विचार करायला सांगितले. पंचायतीचा विजय झाला, तोही कार्यक्रमानंतर पंधरा वर्षांनी. पुढे आणखी दहा वर्षे गेली. जानेवारी २०२१ मध्ये उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना मंत्रिमंडळाने ही माफी पुन्हा मंजूर केली.

पंचवीस वर्षांनी पैसा आयोजकांकडे परतण्याची वाट मोकळी झाली, ही गोष्ट मला आजही बोचते. १९२१ च्या तिकिटात आणि १९९६ च्या तिकिटात मला दिसणारा फरक इथे आहे. दोन्हीकडे लोकांनी उत्साहाने पैसे मोजले. दोन्हीकडे सार्वजनिक कारण पुढे केलेले होते. पण १९९६ मध्ये या कारणाच्या आधारावर सार्वजनिक तिजोरीतला वाटा सोडला गेला, आणि तो का सोडला याचे उत्तर मागणाऱ्यांना पंधरा वर्षे कोर्टात उभे राहावे लागले. महाग तिकिटाला माझा विरोध नाही. परदेशातून दीड-दोनशे माणसे आणि जहाजभर सामान आणून एका रात्रीचा मंच उभा करायला खर्च येतोच. मला हवे आहे ते एवढेच: दर विक्रीआधी जाहीर करा, रांगेत उभ्या असलेल्या माणसासमोर तो वाढवू नका, आणि कारण सांगून पैसे घेतले तर हिशेब छापा.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांचे करमणूक शुल्क त्यात विरले. सूट देणारे ते सहावे कलमही त्याबरोबर निरर्थक झाले. पण सगळाच कर संपला नाही. घटनेत स्थानिक संस्थांना करमणूक कर लावायची मुभा शिल्लक ठेवलेली आहे आणि आमच्या मध्य प्रदेशात नगर निगम तो कर मागतात. महाराष्ट्रातल्या वाचकांना हे नवे वाटेल. मार्च २०२५ मध्ये इंदूरला यो यो हनी सिंगचा कार्यक्रम झाला, तेव्हा कर भरला नाही म्हणून तिथल्या निगमने ध्वनियंत्रणेचे सामानच जप्त केले. त्या बातमीत स्पीकरचे ढीग उचलून नेणाऱ्या गाड्या सगळ्यांनी पाहिल्या. प्रेक्षकांनी तिकिटाचे पैसे महिनाभर आधीच भरलेले होते. त्यातला कराचा वाटा आयोजकाकडे होता की दरात धरलाच नव्हता, हे त्यांना कुणी सांगितले नाही.

भोपाळमध्ये अजून रेसकोर्स भरेल एवढा बँड आलेला नाही. पण इंदूरपर्यंत मोठे दौरे येऊ लागले आहेत, आणि आमच्या गल्लीतली वन व्यवस्थापन संस्थेची मुले आठवड्याच्या सुट्टीत बस पकडून तिकडे जातात. इथे पहिला मोठा जलसा जाहीर होईल, त्या आठवड्यात माहिती अधिकाराचा एक अर्ज मी भोपाळ नगर निगममध्ये देणार आहे. किती तिकिटे छापली, कोणत्या दराची, किती फुकट वाटली, कर किती आकारला, किती वसूल झाला. पाच प्रश्न आहेत. अर्जाचा मसुदा तयार आहे, फक्त कलाकाराचे नाव आणि तारीख भरायची बाकी आहे.