बादलीतले वीस टक्के

पुण्यातल्या एखाद्या घरात सकाळी नळाखाली वीस लिटरची बादली भरली, तर पाणी किती वापरलं गेलं? घरातला माणूस म्हणेल, वीस लिटर. महापालिकाही तेच म्हणेल, फार तर गळतीचं वर धरेल. कृष्णेच्या पाण्याचा राज्याराज्यांतला हिशोब मात्र म्हणतो, चार लिटर. तेवढंच पाणी नदीवरून एखाद्या कारखान्याने घेतलं, तर अर्धा लिटर. आणि सोसायटीच्या बोअरवेलमधून उपसलं, तर शून्य!

यात कुणाची लबाडी नाही. न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखालच्या कृष्णा पाणी तंटा लवादाचा निवाडा मे १९७६ मध्ये राजपत्रात आला. त्यात 'वापर' कशाला म्हणायचं हे कलमवार लिहिलेलं आहे. खोऱ्यातल्या गावा-शहरांनी पिण्या-वापरण्यासाठी उचललेल्या पाण्याचे २० टक्के धरायचे, उद्योगांनी उचललेल्याचे अडीच टक्के, आणि भूजल धरायचंच नाही.

कारण साधं आहे. पुणेकर अंघोळ करतो, भांडी घासतो, आणि ते पाणी गटारातून मुठेत जातं. मुठेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत. घाणेरडं का होईना, पण परत येतं. पाचातले चार भाग परत येतात असं लवादाने मानलं. पिकाने मुळांनी ओढून पानांतून हवेत सोडलेलं पाणी असं परत येत नाही, म्हणून शेतीला ही सूट नाही. तरी कालव्यातून आणि वावरातून जे थोडं झिरपून नदीला मिळतं, त्याचाही विचार झाला: महाराष्ट्राच्या ५६० टीएमसी वाट्यात परतीच्या प्रवाहापोटी पुढे २५ टीएमसींची भर पडली.

आता पुण्याहून थोडं पश्चिमेला, मुळशीला या. तिथलं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात जातं, चक्र फिरवतं आणि कुंडलिकेला मिळतं. वीज करताना त्यातला थेंबही संपत नाही. पण ते कृष्णेचं खोरं सोडून कोकणात गेलं, म्हणून हिशोबात शंभर टक्के वापरलेलं! कोयनेचंही तसंच. एका दरीतलं लाखो लोकांनी प्यायलेलं पाणी एक पंचमांश मोजायचं आणि शेजारच्या दरीतलं कुणीच न प्यायलेलं पाणी पुरतं मोजायचं, हे वाचताना आधी हसू येतं. जरा विचार केला की पटतंही. हा हिशोब नदीच्या बाजूने मांडलेला आहे.

मला यातलं खरं नवल वाटतं ते हे की पाण्याचा वापर ही निसर्गात आयती सापडणारी राशी नाही. पाऊस मोजता येतो, धरणाची पातळी मोजता येते. वापर आधी ठरवावा लागतो. सरकारी खात्यांनी आपापली माहिती एकमेकांना द्यावी, असं आपण सहज म्हणून जातो. देतीलही. पण प्रत्येकाने निराळीच गोष्ट मोजलेली असेल, तर त्या आकड्यांची बेरीज करून काय हाती लागणार?

साधं वर्ष घ्या. कृष्णेच्या निवाड्यातलं जलवर्ष १ जूनला सुरू होतं. राज्याचं सिंचन वर्ष १ जुलैला. महापालिकेचं पाणीपट्टीचं वर्ष १ एप्रिलला. त्यामुळे १५ जूनला धरणातून सुटलेलं पाणी एका वहीत नव्या वर्षाचं असतं, दुसऱ्या वहीत जुन्या वर्षाचं आणि तिसरीत पहिल्या तिमाहीचं.

एककांचीही तीच तऱ्हा. पाऊस मिलिमीटरमध्ये. धरण टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, नाहीतर दलघमीत, म्हणजे दशलक्ष घनमीटरमध्ये. विसर्ग क्युसेकमध्ये. महापालिका एमएलडीत, दिवसाला किती दशलक्ष लिटर ते. विहीर मीटरमध्ये, तीही पाणी जमिनीपासून किती खोल गेलं एवढंच सांगणारी. आणि कालव्यावरचा शेतकरी नमुना ७ चा पाणी अर्ज भरतो तो हेक्टरमध्ये, पिकाचं नाव घालून. एक टीएमसी म्हणजे २८.३ दलघमी, वर्षभर रोज सारखं वापरलं तर साधारण ७७.६ एमएलडी. पुणे महापालिकेच्या पाणी कराराचा जुना ११.५ टीएमसी हा आकडा एमएलडीत सुमारे ८९२ होतो. गुणाकार शाळकरी आहे. मात्र हेक्टर आणि पिकावरून घनमीटर काढायला गुणाकार पुरत नाही. तिथे जमीन कशी, पाळ्या किती, चारीला गळती किती, असं सगळं गृहीत धरावं लागतं. माझ्या मते आपल्या आकड्यांतला सगळ्यात भुसभुशीत भाग हाच, आणि राज्यातलं सर्वाधिक पाणीही तिथेच जातं.

म्हणून पाणी वापर संस्थांना घनमापनाने पाणी देण्याचा कायदा २००५ मध्ये झाला. घनमापन होतं कसं, हे चारीच्या तोंडाशी उभं राहून बघण्यासारखं आहे. काँक्रीटची एक लहानशी मोरी असते, मधे घशासारखी अरुंद होणारी. कोलोरॅडोतल्या राल्फ पार्शल या सिंचन अभियंत्याने १९२० च्या दशकात तिला आजचं रूप दिलं, म्हणून तिला पार्शल फ्लूम म्हणतात. फिरणारा एकही भाग नाही. घशाच्या अलीकडे भिंतीवर सेंटिमीटरची पट्टी. पाणी घशातून जाताना वेग घेतं, आणि त्यामुळे अलीकडच्या त्या एकाच जागी पाणी किती उंच आहे यावरून सेकंदाला किती वाहतंय ते कळतं. कालवा निरीक्षक पट्टी वाचतो, तक्त्यात बघतो, आकडा लिहितो. गंमत अशी की उंची दुप्पट झाली की प्रवाह जवळजवळ तिप्पट होतो. म्हणजे पट्टीवर शेवाळ चढून उंची वाचण्यात दहा टक्के चूक झाली, तर पाण्यात पंधरा-सोळा टक्के चूक. म्हणून आकड्याबरोबर तो कुठे, कधी, कशाने मोजला हेही लिहून पुढे गेलं पाहिजे. नुसता आकडा अर्धवट असतो.

शिवाय तेच पाणी दोनदा मोजलं जातं. कालव्यातून झिरपलेलं पाणी शेजारच्या विहिरीत उतरतं. जलसंपदा विभाग ते कालव्यात सोडलेलं म्हणून धरतो, भूजलवाले विहिरीतून उपसलेलं म्हणून. दोघेही बरोबर, बेरीज चूक. आणि नावं! भाटघर, लॉईड धरण आणि येसाजी कंक जलाशय या तीन नोंदी एकाच पाण्याच्या आहेत हे भोरच्या माणसाला कळतं, संगणकाला नाही. त्याला प्रत्येक धरणाचा एक ठरलेला संकेतांक लागतो.

ही अडचण आपल्या एकट्याची नाही. अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण खातं १९५० पासून दर पाच वर्षांनी देशभरातल्या पाणी वापराचा ताळेबंद काढत आलं. उचललेलं पाणी त्यांनी नेमाने मोजलं. पण परत न येणारं, खरोखर खर्ची पडलेलं पाणी किती, हा रकाना १९९५ नंतर त्यांनी सोडूनच दिला आणि २०१५ च्या ताळेबंदात तो काही वापरांपुरता पुन्हा उघडला. बच्छावत लवादाने वीस टक्के असं एका ओळीत ठरवून टाकलं, तोच हा रकाना.

आपल्याकडे १९९५ च्या जलविज्ञान प्रकल्पापासून, आणि २०१६ नंतर राष्ट्रीय प्रकल्पातून, राज्यांच्या नोंदी एका साच्यात आणण्याचं काम चालू आहे. इंडिया-डब्ल्यूआरआयएस या संकेतस्थळावर पाऊस, धरणं आणि भूजल एकाच नकाशावर दिसतात. नोंदी यंत्राला वाचता याव्यात म्हणून वॉटरएमएल नावाचा आंतरराष्ट्रीय साचाही आहे. त्यात आकड्याला वेळ, जागा, एकक आणि मोजण्याची रीत चिकटूनच येते. साचा तयार आहे, पण वापर या रकान्यात काय भरायचं ते साचा सांगत नाही. मुंढव्याला पुण्याचं सांडपाणी प्रक्रिया करून नदीऐवजी शेतीच्या कालव्यात टाकलं जातं. वर्षाला साडेसहा टीएमसीचं उद्दिष्ट. घरगुती वापराचे ऐंशी टक्के नदीत परत येतात या गृहीतकाचं मग काय करायचं? तेच पाणी एकदा शहराचं वीस टक्के आणि पुन्हा उसाचं पूर्ण, असं लिहायचं का? १९७६ च्या कागदात याचं उत्तर शोधू नये.

जिथे नोंदी खरोखर वेळेवर जाव्या लागतात अशी जागा म्हणजे पूर. एक लाख क्युसेकचा विसर्ग असला की एक टीएमसी पाणी पावणेतीन तासांत निघून जातं. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुरानंतर कोयनेचा विसर्ग, सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी आणि खाली अलमट्टीतून सुटणारं पाणी हे तिन्ही आकडे पावसाळ्यात महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या अभियंत्यांना एकमेकांकडून हवे असतात, आणि तेही वर्षाच्या अखेरीस नव्हे, तासातासाला.