स्मोकी डोंगरांतला भुकेला ट्राउट

ब्रुक ट्राउट हा अमेरिकेच्या दक्षिण अ‍ॅपलाचियन डोंगरांतला एकमेव मूळचा ट्राउट. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांच्या सीमेवरच्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात, उंचावरच्या थंड ओढ्यांत तो राहतो. पाठीवर फिकट नागमोडी रेघा, कुशीवर निळ्या कड्यांत बसलेले लाल ठिपके, पोटाकडच्या परांना पांढरी किनार. वीतभर मासा म्हणजे तिथे मोठाच.

एवढासा मासा आमिषावर तुटून पडतो, तो भुकेपोटी. हे ओढे नितळ, पण खाण्याच्या बाबतीत गरीब. इथल्या खडकातून पाण्यात क्षार फारसे उतरत नाहीत, त्यामुळे शेवाळ बेताचे आणि त्यावर जगणारे किडेही बेताचेच. प्रवाहाबरोबर आलेला घास क्षणात पुढे निघून जातो. चोखंदळपणा परवडत नाही.

हा मासा फ्लाय फिशिंगने पकडतात. त्यात गळावर पिसे, केस आणि दोरा गुंडाळून कीटकाची नक्कल करतात. ही नकली माशी इतकी हलकी असते की ती एकटी लांब फेकता येत नाही. म्हणून वजन दोरीतच असते: जाड दोरी भिरकावायची, तिच्या टोकाच्या बारीक, पारदर्शक दोऱ्याला बांधलेली माशी मागोमाग जाते. स्मोकीच्या ओढ्यांवर मात्र ऱ्होडोडेंड्रॉनच्या फांद्या डोक्यावर आलेल्या असतात, दोरी मागे फिरवायला जागाच नसते. मग गळाचा बाक चिमटीत धरून दोरी ताणायची, काठीला बाक आला की बाण सोडावा तशी माशी सोडायची. काठीही आखूड, सात फुटांच्या आसपास.

मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. त्यामुळे शिकाऱ्याने खालच्या अंगाने, वाकून वर सरकायचे. पाण्यावर सावली पडली की मासा दगडाखाली गडप. माशी पाण्याच्याच वेगाने वाहिली पाहिजे. दोरीने तिला किंचितही ओढले तर सोंग उघडे पडते. मासा उसळला की मनगट नुसते उचलायचे. नवशिके हिसका देतात आणि बिचारा मासा मागच्या झुडपात जाऊन पडतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाकूडतोडीने डोंगर बोडके झाले, सावली गेली, ओढे तापले आणि गाळाने भरले. त्यात पश्चिमेकडचा रेनबो आणि युरोपातला ब्राउन ट्राउट आणून सोडले गेले. पाहुणे थोराड, खाण्याच्या स्पर्धेत मूळ मासा हटत हटत माथ्याकडे गेला. उद्यानातला त्याचा सुमारे ७५ टक्के टापू असा हातचा गेला. उद्यानाने पुढे काही ओढ्यांत, नैसर्गिक धबधब्यांच्या वर, अँटिमायसिन हे मासे मारणारे रसायन सोडून परके मासे काढले आणि ब्रुक ट्राउट पुन्हा वसवला. लिन कॅम्प प्राँग हा ओढा असा सुधारून २०१५ मध्ये मासेमारीला खुला झाला. पाहुण्यांची ही हकालपट्टी निर्दय वाटेल, पण दुसरा उपाय फारसा नव्हता.

उद्यानात मासेमारीला टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना यांपैकी कोणत्याही एका राज्याचा परवाना चालतो. जिवंत आमिषाला बंदी आहे आणि सात इंचांहून लहान ट्राउट सोडून द्यावा लागतो. सोडण्यापूर्वी हात ओले करून घ्यावेत, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. शरद ऋतूत मादी तळातली खडी उकरून अंडी घालते, तेव्हा उजळ दिसणाऱ्या खडीवर पाय देऊ नये.