योगशिक्षकाचा चरितार्थ : मुळशी तालुक्याच्या संदर्भात योग व स्वास्थ्य-मार्गदर्शन व्यवसायाच्या टिकाऊपणाचा विचार

प्रस्तावना

योग शिकविणे ही सेवा की व्यवसाय, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात आजही सरळ दिले जात नाही. विद्यापीठे योगशास्त्राच्या पदव्या देतात, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने योगशिक्षक पदविका गावोगावच्या अभ्यासकेंद्रांपर्यंत नेली आहे, आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या डिसेंबर २०१४ मधील ठरावानंतर २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून साजरा होत आहे. तरीही पदविका हाती घेऊन बाहेर पडलेल्या शिक्षकाने महिन्याचे शुल्क सांगितले की समोरच्याच्या कपाळावर आठी पडते. नागपूरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळासारख्या संस्थांनी निःशुल्क योगवर्गांची थोर परंपरा निर्माण केली. तिचे ऋण मान्य करूनही एक गोष्ट नोंदवावी लागते : निःशुल्क वर्ग चालविणाऱ्याचे पोट सहसा नोकरीवर, निवृत्तिवेतनावर किंवा देणगीवर चाललेले असते. ज्याला यांपैकी कोणताच आधार नाही, त्याने काय करावे, याचे उत्तर ती परंपरा देत नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याच्या संदर्भात केला आहे. हा तालुका निवडण्याचे कारण असे की, योगाच्या दोन अगदी भिन्न बाजारपेठा येथे एकमेकींना लागून उभ्या आहेत, आणि योगशिक्षणाचा आर्थिक पाया घालणारे दोन मोठे प्रयोगही याच जिल्ह्यात झाले आहेत.

जिल्ह्यातील दोन पूर्वप्रयोग

मुळशीला लागून असलेल्या मावळ तालुक्यात, लोणावळा येथे स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम आश्रमाची स्थापना केली. योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासणे आणि ते निष्कर्ष ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून प्रसिद्ध करणे, हे त्यांच्या कार्याचे वैशिष्ट्य होय. पुढे महाविद्यालय आणि उपचारकेंद्र यांचीही जोड मिळाली. हा नमुना संस्थेचा आहे. देणगी, अनुदान, प्रशिक्षणशुल्क आणि उपचारशुल्क अशा अनेक झऱ्यांवर तो उभा राहतो. एकट्या शिक्षकाला त्याचे अनुकरण करता येत नाही.

एकट्या शिक्षकाच्या दृष्टीने दुसरा प्रयोग अधिक बोधप्रद आहे. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. बेळगावला सिव्हिल सर्जन असताना डॉ. व्ही. बी. गोखले यांनी त्यांची प्रात्यक्षिके पाहिली होती. गोखल्यांच्या पुढाकाराने डेक्कन जिमखान्याने त्यांना सहा महिन्यांसाठी बोलावून घेतले. मराठी येत नव्हते, औपचारिक शिक्षण अपुरे होते, आणि वर्गातील कित्येक विद्यार्थी वयाने त्यांच्याहून मोठे होते. नेमणुकीची मुदत वाढत गेली. ती संपल्यावर मात्र त्यांना स्वतःच्या बळावर शिकवण्या मिळवाव्या लागल्या. त्या काळात अर्धपोटी काढलेल्या दिवसांविषयी त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे.

१९५२ मध्ये व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांच्याशी झालेल्या भेटीने त्यांचे आयुष्य पालटले, असे सर्वत्र सांगितले जाते. ते खोटे नाही. पण त्या भेटीपर्यंत पंधरा वर्षे पुण्यात अध्यापन झाले होते, हे सांगायचे राहून जाते. मेन्युहिन यांना थोड्या वेळात गुण दिसला, त्यामागे अनेक शरीरांवर कमावलेली नजर होती. पुढे १९६६ मध्ये ‘लाइट ऑन योगा’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ‘योगदीपिका’ या नावाने तो मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. पत्नी रमामणी यांच्या निधनानंतर, त्यांच्या नावाने शिवाजीनगर परिसरात उभारलेली संस्था जानेवारी १९७५ मध्ये सुरू झाली. म्हणजे पुण्यात पाऊल ठेवल्यापासून स्वतःची वास्तू उभी राहीपर्यंत अडतीस वर्षे गेली.

या इतिहासातील व्यावसायिक दृष्ट्या सर्वांत महत्त्वाची बाब प्रसिद्धी ही नसून मोजमाप ही आहे. लंडनच्या शिक्षण प्राधिकरणाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस प्रौढशिक्षणात अय्यंगार पद्धतीच्या योगवर्गांना मान्यता दिली, तेव्हा शिक्षकांची पात्रता ठरविणे अपरिहार्य झाले. त्यातूनच पुढे श्रेणी, परीक्षा आणि प्रमाणपत्रांची जगभर पसरलेली व्यवस्था उभी राहिली. गुरूचे नाव लावायचे तर ठरलेली परीक्षा द्यायची, हा नियम कठोर वाटतो. पण अनोळखी शहरातील विद्यार्थी अनोळखी शिक्षकाला शुल्क देण्यास तयार होतो, तो याच नियमाच्या भरवशावर.

मुळशीतील दोन बाजारपेठा

मुळशी तालुक्याचा पूर्व भाग म्हणजे हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान उद्यान, माण, भूगाव, पिरंगुट. सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक ही गावे २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत गेली. पण शिक्षकाच्या दृष्टीने तो सारा एकच पट्टा आहे. येथे मोठ्या गृहसंकुलांत राहणारा, दिवसभर संगणकासमोर बसणारा, मान-पाठीच्या दुखण्याने आणि अपुऱ्या झोपेने त्रासलेला वर्ग आहे. पश्चिमेचा भाग म्हणजे धरणाचा जलाशय, ताम्हिणीचा घाट आणि डोंगरउतारांवरची विश्रामगृहे. या भागात २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘आत्मनतन’सारख्या निवासी स्वास्थ्यकेंद्रात देशोदेशीचे पाहुणे काही दिवसांच्या उपक्रमासाठी येतात. कोळवण येथे चिन्मय मिशनचे ‘चिन्मय विभूती’ हे केंद्र आहे. त्याचा हेतू अर्थातच निराळा.

नव्या शिक्षकाचे मन स्वाभाविकपणे पश्चिमेकडे ओढले जाते. निसर्गरम्य परिसर, उच्च शुल्क देणारे पाहुणे, छायाचित्रांत शोभणारे वर्ग! परंतु या बाजारपेठेचा मालक शिक्षक नसतो; पाहुणा केंद्राचा असतो. तो चार-पाच दिवस राहतो, समाधानाने परत जातो आणि पुन्हा आला तरी केंद्राकडे येतो. शिक्षकाला वेतन मिळते, अनुभव मिळतो, निरनिराळ्या प्रकृतीची माणसे पाहायला मिळतात. पहिल्या दोन-तीन वर्षांसाठी ही उत्तम शाळा आहे, परंतु येथे शिक्षकाचा स्वतःचा विद्यार्थिवर्ग तयार होत नाही. बाहेरचे भांडवल डोंगरात येते तेव्हा स्थानिकाच्या हाती काय उरते, हा प्रश्न मुळशीला १९२१ च्या सत्याग्रहापासून परिचित आहे, आणि २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलेल्या लवासा प्रकल्पाने तो पुन्हा एकदा विचारला. योगशिक्षकाने तो आपल्यापुरता विचारण्यास हरकत नाही.

पूर्वेकडचा वर्ग दिसायला साधा असतो : सोसायटीचे सभागृह, सकाळी सहाची वेळ, पंधरा सतरंज्या. पण येथे येणारा विद्यार्थी आठवड्यातून तीन वेळा, वर्षानुवर्षे येऊ शकतो. व्यवसायाचा टिकाऊपणा या ‘पुन्हा येण्यावर’ अवलंबून आहे, हे पुढील साध्या हिशेबावरून स्पष्ट होईल.

वर्गाचे अर्थगणित

समजा, एका शिक्षिकेच्या दोन बॅच आहेत. प्रत्येकीत पंधरा विद्यार्थी असून मासिक शुल्क १,२०० रुपये आहे. म्हणजे महिन्याची जमा ३६,००० रुपये. मे महिन्याची सुट्टी, दिवाळी, गणेशोत्सव आणि मुळशीतील धुवाधार पावसाचे दिवस वजा जाता वर्षातून दहा महिन्यांचेच शुल्क हाती येते असे धरले, तर वार्षिक जमा ३,६०,००० रुपये होते. जागेचे भाडे मात्र बारा महिने द्यावे लागते. दरमहा ९,००० रुपयांप्रमाणे ते १,०८,००० रुपये. प्रवास, वीज, साहित्य आणि स्वतःचे पुढील प्रशिक्षण यांसाठी ४२,००० रुपये. उरतात २,१०,००० रुपये, म्हणजे महिन्याला १७,५०० रुपये.

आता तीसपैकी पाच विद्यार्थी गळाले आणि त्यांच्या जागी कोणी आले नाही, असे मानू. जमा ६०,००० रुपयांनी घटते. खर्च तेवढाच राहतो. शिल्लक १,५०,००० रुपये, महिन्याला १२,५०० रुपये. विद्यार्थी एक षष्ठांशाने कमी झाले. उत्पन्न एक चतुर्थांशाहून अधिक घटले. उलट, विद्यार्थी तेच राहून शुल्क दोनशे रुपयांनी वाढले तर शिल्लक महिन्याला २२,५०० रुपयांवर जाते. जो शिक्षक शुल्क वाढविण्यास संकोचतो आणि ती भर नव्या जाहिरातींतून काढू पाहतो, त्याने हे आकडे एकदा कागदावर मांडून पाहावेत.

म्हणून जुना विद्यार्थी टिकविणे हे नवा मिळविण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक मोलाचे ठरते. विद्यार्थी गळतो तो बहुधा कंटाळ्याने नव्हे, तर आपली प्रगती होते आहे की नाही हे न कळल्यामुळे. प्रवेशाच्या वेळी त्याची तक्रार, झोप, पूर्वीचे आजार आणि शस्त्रक्रिया यांची नोंद घेणे, तीन महिन्यांनी ती नोंद त्याच्यासमोर ठेवणे, आणि दोन वर्ग चुकले की आपुलकीने फोन करणे या तीन सवयी कोणत्याही विपणन-तंत्राहून स्वस्त आहेत. शुल्क तिमाही आणि आगाऊ घेतल्यास भाड्याची चिंता मिटते, आणि विद्यार्थीही पहिल्या पंधरवड्याच्या अंगदुखीने वर्ग सोडत नाही. ज्यांना शुल्क परवडत नाही अशा गावातील स्त्रियांसाठी सवलतीच्या काही जागा ठेवता येतात. त्या किती, हे मात्र आधी ठरवावे. भिडेपोटी दिलेली सवलत शेवटी वर्गच बंद पाडते.

बॅचची संख्या वाढविण्याला शिक्षकाच्या शरीराची मर्यादा आहे. दिवसाला चार-पाच वर्ग स्वतः करून दाखविणारा शिक्षक काही वर्षांत स्वतःच पाठदुखीचा रुग्ण होतो, आणि त्याचा स्वतःचा अभ्यास तर त्याआधीच सुटलेला असतो. यासाठी उत्पन्नाचा काही भाग व्यक्तिगत मार्गदर्शनातून येणे इष्ट आहे.

व्यक्तिगत मार्गदर्शन आणि त्याच्या मर्यादा

अलीकडे ‘वेलनेस कोच’ हा शब्द रूढ झाला आहे. वर्गात आसने शिकविली जातात. मार्गदर्शनात एका व्यक्तीची झोप, जेवणाच्या वेळा, श्वसन, कामाचा ताण आणि हालचाल यांचा काही आठवडे सलग पाठपुरावा केला जातो. हिंजवडीतील नोकरदाराला याची गरज आहे, आणि २०२० च्या टाळेबंदीत दूरस्थ वर्गांची सवय लागल्याने हे काम आता घरबसल्याही होते. अडचण अशी की, कोच म्हणवून घेण्यास आपल्याकडे कोणतीही कायदेशीर नोंदणी लागत नाही. योगशिक्षकांसाठी आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीतील योग प्रमाणन मंडळाच्या श्रेणी उपलब्ध आहेत, पण त्याही ऐच्छिकच. त्यामुळे शिक्षकाची विश्वासार्हता त्याने स्वतः आखलेल्या सीमेवर ठरते. काचबिंदू असलेल्या किंवा रक्तदाब नियंत्रणात नसलेल्या व्यक्तीला शीर्षासन न देणे, पाठीच्या मणक्याच्या तक्रारीत आधी डॉक्टरांचे मत घेणे, आणि औषध बंद करण्याचा सल्ला कधीही न देणे, एवढे तरी पाळलेच पाहिजे.

जाहिरातीत ‘मधुमेह मुळापासून बरा’ असे लिहिण्याचा मोह मोठा असतो. १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींसंबंधीचा कायदा औषधे आणि चमत्कारी उपाय यांच्या संदर्भात मधुमेह व रक्तदाब यांसारख्या व्याधींवरील अशा दाव्यांना मनाई करतो. योगवर्गाला तो किती लागू होतो, हा वादाचा मुद्दा करण्यापेक्षा दावाच न करणे शहाणपणाचे होय.

कराची बाजू थोडक्यात सांगता येईल. सेवाव्यवसायाची वार्षिक उलाढाल वीस लाख रुपयांपर्यंत असेल तर वस्तू व सेवा कराची नोंदणी साधारणतः लागत नाही. वरील हिशेबातील शिक्षिकेला तिची चिंता नाही. नोंदणीकृत धर्मादाय न्यासांच्या योगविषयक कार्याला सूट आहे, ती व्यक्तिगत व्यवसायाला मिळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून योगकेंद्रे व व्यायामशाळांच्या सेवांवरील दर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. मात्र खर्चावर भरलेल्या कराची वजावट त्यासोबत मिळत नाही. मोठी जागा भाड्याने घेऊन केंद्र उभारणाऱ्याने हे आधीच लक्षात घ्यावे.

दुसरा शिक्षक

शिक्षिका आजारी पडली, बाळंतपणासाठी थांबली किंवा गावी गेली, तर वर्ग कोण घेणार? बहुतेक एकहाती वर्ग या एका प्रश्नावर मोडतात. अय्यंगार यांच्या संस्थेत कन्या गीता आणि पुत्र प्रशांत वडिलांच्या हयातीतच वर्षानुवर्षे वर्ग घेत होते. २०१४ मध्ये गुरुजींचे निधन झाल्यावरही अध्यापन चालू राहिले, त्याचे कारण हेच. मुळशीतील लहान वर्गाला असा वारसा नसतो. पण तीन-चार वर्षे नियमित येणारी, इतरांच्या चुका न सांगता ओळखणारी एखादी विद्यार्थिनी त्याच बॅचमध्ये बहुधा असतेच. तिच्या पदविकेचे निम्मे शुल्क वर्गाने भरावे, पहिल्या वर्षी तिच्याकडे आठवड्यातून एक दिवस सोपवावा, आणि त्या दिवसाचे मानधन तिला पहिल्या महिन्यापासून द्यावे.