रत्नागिरींतील एक मोकळा दिवस

लग्नाची गडबड ओसरली म्हणजे यजमानाच्या घरीं खऱ्या कामास आरंभ होतो, हें पाहुण्यांच्या ध्यानांत क्वचितच येतें. मांडव सोडावयाचा असतो, शेजाऱ्यांकडून आणलेल्या सतरंज्या ज्याच्या त्यास पोंचवावयाच्या असतात, शिवाय संध्याकाळच्या सत्यनारायणाची तयारी असतेच. अशा वेळीं ओटीवर बसून चहाची वाट पाहणारा वराचा मित्र म्हणजे घरच्या माणसांस एक जादा ओझेंच. बरें, त्यानें निघून जावें तर प्रसादाच्या वेळीं त्याची उणीव यजमानास लागल्यावांचून राहत नाहीं. तेव्हां मधले आठ-दहा तास गांवांत घालवणें हाच शिष्टाचार होय. आणि तें गांव रत्नागिरी असलें तर या शिष्टाचारासारखें सुख नाहीं.

समुद्रकांठच्या गांवीं अशा दिवसाचा बेत घड्याळावरून न आंखतां तिथीवरून आंखावा. अमावास्येस व पौर्णिमेस या किनाऱ्यावर मध्यान्हाच्या आगेमागें पूर्ण भरती येते, आणि पुढें दर तिथीस ती सुमारें दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटें, मागें पडत जाते. भरतीनंतर सहा तासांच्या थोडें पुढें ओहोटी. या हिशेबानें वैशाख शुद्ध तृतीयेस सकाळीं आठ-साडेआठाच्या सुमारास पाणी अगदीं मागें गेलेलें असतें. अष्टमीच्या सुमारास भांगाचें पाणी फारसें चढत नाहीं व फारसें उतरतही नाहीं, उधाण अमावास्या-पौर्णिमेचें. मासे धरणाऱ्यांस हें सांगावें लागत नाहीं. शहरांतला पाहुणा मात्र ऐन भरतींत पुळणीवर फिरावयास जातो आणि ‘येथें पुळणच नाहीं’ अशी तक्रार करीत परततो!

मऊभात व मेतकूट खाऊन सकाळींच बाहेर पडणाऱ्यास गांवांत दोन समुद्र भेटतात. मांडवीचा तो काळा समुद्र. मिऱ्याच्या बाजूचा तो पांढरा. पाणी अर्थात् एकच, भेद वाळूचा. काळ्या वाळूंत लोह व टायटॅनियम असलेल्या जड खनिजांचे कण असतात. खडक झिजून ते कण नद्यांवाटे समुद्रांत येतात. लाटा हलकी वाळू ओढून नेतात आणि जड कण मागें ठेवतात. लहान मुलाच्या हातीं लोहचुंबक दिला तर त्याची सकाळ तेथेंच संपते. पांढऱ्या वाळूंत शंखशिंपल्यांचा चुरा मिसळलेला असतो.

ऊन चढूं लागलें कीं थिबा राजवाड्याची सावली गांठावी. इंग्रजांनीं १८८५ सालीं ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा यास पदच्युत केलें व पुढच्या वर्षीं रत्नागिरीस आणून ठेवलें. हा वाडा १९१० सालीं पुरा झाला. म्हणजे चोवीस वर्षें दुसऱ्या घरांत काढल्यावर राजास तो मिळाला, आणि १९१६ सालीं तो मरण पावला. त्याची समाधीही याच गांवीं आहे. वाड्यांत आतां वस्तुसंग्रहालय आहे. परंतु वस्तूंपेक्षां तेथील शांतताच मनांत अधिक राहते. खालीं भाट्याची खाडी तीच, त्यावरचा वाराही तोच. पाहुण्यानें मात्र तो दिवस आपण होऊन मोकळा ठेवलेला असतो. राजाचीं तीस वर्षें दुसऱ्यांनीं मोकळीं केलेलीं होतीं, आणि परतीचें तिकीट त्यास कोणी दिलेलें नव्हतें.

दुपारीं झोंप घ्यावी. तिचें समर्थन करण्याचें कारण नाहीं. उन्हें कललीं म्हणजे रत्नदुर्गावर भगवतीच्या देवळाकडे जावें. किल्ल्यास तीन बाजूंनीं समुद्राचा वेढा आहे, आणि दिवसभरांत चढलेलें पाणी पुन्हां उतरूं लागलेलें तेथून स्पष्ट दिसतें. टिळकांचें जन्मस्थान, पतितपावन मंदिर वगैरे राहिलें म्हणून हळहळूं नये. एका दिवसांत सारें पाहणारांची जी धांवपळ उडते, तिच्यापेक्षां लग्नघरची गडबड बरी!

दिवेलागणीच्या आंत मात्र परतावें. तीन दिवसांत ज्या मित्राशीं दोन शब्द बोलतां आले नाहींत, तो सोवळें नेसून, नव्या वधूसह पाटावर बसलेला असतो, आणि पोथी संपेपर्यंत त्याची सुटका नसते. पायांची वाळू विहिरीवर धुऊनच आंत शिरावें; पूजेसाठीं घर नुकतेंच पुसलेलें असतें.