रात्रीचे आकाश आणि कॅमेऱ्याचा आस

जयपूरच्या जंतरमंतरमध्ये शिरताच नजरेत भरतो तो सम्राट यंत्राचा उंच जिना. सुमारे २७ मीटर उंचीच्या या त्रिकोणी भिंतीची तिरपी कड क्षितिजाशी २७ अंशांचा कोन करते आणि तिचा रोख उत्तरेस, आकाशाच्या ध्रुवबिंदूकडे असतो. उंचीचा आकडा व कोनाचा आकडा एकच यावा हा केवळ योगायोग होय. कोन मात्र योगायोगाने आलेला नाही. जयपूरचा अक्षांश २६ अंश ५५ कला आहे, आणि कोणत्याही स्थळी आकाशाचा ध्रुव तेथील अक्षांशाइतकाच क्षितिजापासून वर असतो. तेव्हा सवाई जयसिंहाच्या (१६८८–१७४३) गवंड्यांनी रचलेली ही कड म्हणजे पृथ्वीच्या आसाला समांतर अशी दगडी रेषाच आहे. रात्रीच्या आकाशाचे छायाचित्र घेऊ पाहणाऱ्याला हीच रेषा आपल्या लहानशा साधनात साधावी लागते. चांगला कॅमेरा व महागडे भिंग यांची चर्चा पुष्कळ होते. या रेषेची त्या मानाने फारच कमी होते.

तिची गरज का पडते, हे थोड्या हिशोबाने ध्यानात येईल. पृथ्वी स्वतःभोवती २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत एक फेरी पुरी करते. त्यामुळे विषुववृत्ताजवळील तारे दर सेकंदाला १५ विकला पश्चिमेकडे सरकताना दिसतात. सूर्याची गतीही जवळजवळ तितकीच असते. सम्राट यंत्राच्या दोन्ही बाजूंना असलेल्या वक्र पट्ट्यांची त्रिज्या सुमारे १५ मीटर असल्याने त्यांवरील सावली सेकंदाला एक मिलिमीटर चालते, आणि दोन सेकंदांपर्यंतचे विभाग तेथे कोरता आले. आता ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग घेतले, तर तोच हिशोब लावून ताऱ्याची प्रतिमा सेकंदाला साडेतीन सहस्रांश मिलिमीटरांहून किंचित अधिक सरकते. आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु आजच्या कॅमेऱ्यातील संवेदकाचा एकेक प्रकाशग्राही कण चार ते सहा सहस्रांश मिलिमीटरांचाच असतो. म्हणजे दीड सेकंदातच तारा आपले घर सोडून शेजारच्या घरात जातो.

छायाचित्रकारांनी यावर एक ठोकताळा बसविला आहे: ५०० ला भिंगाच्या नाभीय अंतराने भागावे, येईल तितके सेकंद कॅमेरा उघडा ठेवावा. ५० मिलिमीटरच्या भिंगाला १० सेकंद, २४ मिलिमीटरच्या भिंगाला सुमारे २० सेकंद. हा नियम फिल्मच्या काळातला आहे आणि उदार आहे. दहा सेकंदांत तारा सहा ते नऊ कण ओलांडतो. पोस्टकार्डाएवढ्या छपाईत ते खपून जाते, मोठ्या छपाईत ठिपक्याची रेघ झालेली दिसते. शिवाय दहा-वीस सेकंदांत मंद तारे व आकाशगंगेचा पट्टा पुरेसा उमटतही नाही. प्रकाश साठवीत जाणे हाच तर डोळ्यापेक्षा कॅमेऱ्यात असलेला मोठा गुण होय, आणि आकाशाची गती नेमकी तेथेच आडवी येते.

ही अडचण छायाचित्रणाच्या जन्माइतकीच जुनी आहे. जुलै १८५० मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत व्हिपल व बाँड यांनी अभिजित ताऱ्याची प्रतिमा धातूच्या पत्र्यावर घेतली. त्या तेजस्वी ताऱ्यालाही सुमारे शंभर सेकंद लागले. त्यानंतर काचेवरील ओल्या कलोडियनची पद्धत आली. जयपूरचे महाराजा सवाई रामसिंह दुसरे याच पद्धतीने छायाचित्रे काढीत. त्यांच्या काचा जंतरमंतराला लागून असलेल्या राजवाड्याच्या संग्रहालयात जतन केलेल्या आहेत. माणसांच्या प्रतिमा त्यांनी उत्तम घेतल्या. परंतु ओली काच वाळण्यापूर्वीच, म्हणजे फार तर दहा-पंधरा मिनिटांत, धुवावी लागे. राजस्थानच्या कोरड्या हवेत एवढीही सवड मिळत नसणार. तासभर आकाशाकडे पाहत राहणे अशा काचेला शक्य नव्हते. सप्टेंबर १८८० मध्ये रामसिंहांचे निधन झाले, आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेस हेन्री ड्रेपर यांनी कोरड्या काचेवर ५१ मिनिटे प्रकाश घेऊन मृगातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले. कोरडी काच हे त्यातील अर्धेच कारण. उरलेले अर्धे म्हणजे ताऱ्यांच्या गतीने दुर्बीण फिरविणारे घड्याळी यंत्र.

असे यंत्र घरी करता येते, आणि खर्चही बेताचा येतो. दोन फळ्या एका बाजूस बिजागरीने जोडाव्यात. बिजागरीच्या मध्यापासून २२.८६ सेंटिमीटरांवर खालच्या फळीतून ६ मिलिमीटर जाडीचा बोल्ट वर येईल असा नट बसवावा. बाजारात मिळणाऱ्या या बोल्टच्या दोन आट्यांमधील अंतर १ मिलिमीटर असते. म्हणून मिनिटाला एक फेरा दिला की वरची फळी मिनिटाला पाव अंशाने, म्हणजे आकाशाच्याच गतीने, उघडत जाते. कॅमेरा वरच्या फळीवर. उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले असता बिजागरी डाव्या हाताला हवी आणि तिची रेषा ध्रुवाकडे रोखलेली हवी. ती जयपूरला २७ अंशांनी उचलावी, पुण्यास साडेअठरा, नागपूरला एकवीस, कोल्हापुरास पावणेसतरा. बिजागरीला चिकटविलेल्या शीतपेयाच्या नळीतून ध्रुवतारा दिसला म्हणजे रोख जमला. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून थोडा दूर आहे. रुंद भिंगाला तेवढी चूक दहा मिनिटे तरी बाधत नाही. जयसिंहाच्या काळी हे अंतर सुमारे दोन अंश होते.

जंतरमंतरमधील चक्र यंत्र पाहिले तर याच मांडणीचे वडीलधारे रूप दिसते: पृथ्वीच्या आसाला समांतर अशा आसाभोवती फिरणारी धातूची कडी व त्यांवर वेध घेण्याची नळी. पितळेच्या उपकरणांविषयी मात्र जयसिंहाची तक्रार होती. त्यांचे आस झिजतात, हलतात, वर्तुळांचे मध्य ढळतात, असे त्याने आपल्या ज्योतिषग्रंथाच्या प्रस्तावनेत नमूद केले आणि म्हणून दगड-चुन्याची भव्य यंत्रे उभारली. छायाचित्रकाराला दगड वाहून नेता येत नाही. पण तक्रार त्याने जशीच्या तशी मनावर घ्यावी. ट्रायपॉड जड असावा, हलका असल्यास त्याला मधोमध विटांची पिशवी टांगावी, मधला दांडा वर ओढू नये, आणि कळ हाताने न दाबता केबलने किंवा स्वयंचलित विलंबाने दाबावी. पाचशे रुपये भिंगावर जास्त घालण्यापेक्षा पायांवर घातलेले बरे.

बाकीच्या गोष्टी लवकर सांगता येतात. भिंगावरील अनंताच्या खुणेवर विश्वास न ठेवता तेजस्वी तारा पडद्यावर मोठा करून तो बारीकात बारीक होईपर्यंत फोकस जुळवावा. अमावास्येच्या आसपासची, पावसाळ्यानंतरची, धूळ बसलेली रात्र निवडावी. जयपूरच्या दिव्यांचा उजेड आकाशात बराच पसरलेला असतो. आकाशगंगा हवी असेल तर शहरापासून दूर जाणेच भाग आहे.

एक अडचण फळ्यांच्या यंत्रानेही सुटत नाही. कॅमेरा ताऱ्यांबरोबर फिरू लागला की समोरचे झाड, भिंत, मनोरा पुसट होतात. दोन्ही स्पष्ट हवे असतील तर एक चित्र फिरत्या व एक स्थिर कॅमेऱ्याने घेऊन मागाहून जोडावे लागते. काही जण मग उलट वाटेने जातात: कॅमेरा स्थिर ठेवून ताऱ्यांनाच रेघा ओढू देतात. तासाभरात प्रत्येक रेघ १५ अंशांच्या कमानीएवढी होते. सम्राट यंत्राच्या दक्षिणेकडील पायथ्यापासून, जिन्याच्या रोखाने वर पाहत असे चित्र घेतले तर सर्व कमानी एकाच बिंदूभोवती घेर धरतात, दगडी कड त्या बिंदूकडे जाते, आणि ध्रुवताऱ्याचीही एक इवलीशी वक्र रेघ त्याच्या अगदी जवळ उमटलेली दिसते.