तेहतीस वजा बत्तीस

मुंबई विद्यापीठाचा मायक्रोप्रोसेसर विषय शिकून ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या इंजिनिअरला ८२५९ ही चिप माहीत असतेच. इंटेलची, आठ तारांची. कीबोर्ड, टायमर किंवा डिस्कला प्रोसेसरचं लक्ष हवं असेल तर ते हिच्याकडे हाक मारतात, म्हणजेच इंटरप्ट पाठवतात. आधी कोणाची हाक पुढे पाठवायची ते चिप ठरवते. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीत अशा दोन चिप होत्या. दुसरी पहिलीच्याच एका तारेवर जोडलेली, म्हणून सोळाऐवजी पंधरा जागा उरल्या. ही आकृती काढली की मार्क मिळतात, आणि बहुतेकांचा इंटरप्ट कंट्रोलरशी संबंध तिथेच संपतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण आज नोकरीत लागणारं कौशल्य त्याच्या पुढचं आहे: हा कंट्रोलर कर्नलला समजावून सांगणं.

कसाऱ्याकडून आणि कर्जतकडून येणाऱ्या गाड्या कल्याणला एकत्र होतात. तिथे गाडी सोडणाऱ्याला कोणता सिग्नल कोणत्या रुळाचा हे आधी ठाऊक असावं लागतं. कर्नलचंही तेच. पीसीवर ही माहिती फर्मवेअर एसीपीआयच्या तक्त्यांतून देतं. एआरएमच्या बोर्डांवर तशी सोय सहसा नसायची, म्हणून लिनक्समध्ये जवळपास प्रत्येक बोर्डासाठी वेगळी सी फाइल लिहिली जाई. हा पसारा इतका वाढला की २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी एआरएमच्या मंडळींना जाहीर खडसावलं. त्यानंतर तिथे डिव्हाइस ट्री रुळली. कर्नलच्या बाहेर राहणारं हे हार्डवेअरचं वर्णन मुळात ओपन फर्मवेअरमधून आलेलं.

या वर्णनातली सर्वांत नाजूक ओळ इंटरप्टची. एआरएमच्या जीआयसी कंट्रोलरमध्ये ० ते १५ हे क्रमांक कोअरनी एकमेकांना हाक मारण्यासाठी असतात, १६ ते ३१ प्रत्येक कोअरचे खासगी, आणि बाहेरच्या उपकरणांचे सामायिक क्रमांक ३२ पासून पुढे. डिव्हाइस ट्रीत मात्र सामायिक इंटरप्ट पुन्हा शून्यापासून मोजतात. सिरियल पोर्टचा क्रमांक ३३ असेल तर लिहायचं ‘० १ ४’. ० म्हणजे सामायिक, १ म्हणजे तेहतीस वजा बत्तीस, ४ म्हणजे तार वरच्या पातळीवर आहे तोवर हाक चालू. काही डेटाशीट बत्तीस आधीच वजा करून आकडा देतात, काही देत नाहीत. नवखे इथेच अडकतात.

चूक झाली तर कर्नल तक्रार करेलच असं नाही. त्याचा वर्णनावर पूर्ण विश्वास असतो. सिरियल पोर्टचा आकडा चुकला तरी बूटचे संदेश व्यवस्थित उमटतात, कारण ते छापताना कर्नल इंटरप्टची वाट बघत नाही. लॉगिनची वेळ आली की मात्र अक्षरं अर्ध्यावर थांबतात आणि टाइप केलेलं काही पोचत नाही. मग माणूस केबल बदलतो, बॉड रेट तपासतो, ड्रायव्हरला दोष देतो. उलटा प्रकारही होतो. हाक येत राहते आणि ती आपली आहे असं एकही ड्रायव्हर म्हणत नाही. अशा एक लाख हाकांपैकी जवळजवळ सगळ्या बेवारस निघाल्या की लिनक्स ती लाइनच बंद करून टाकतो.

हे काम परदेशी चिपपुरतं नाही. पवईच्या आयआयटी मुंबईत घडलेला आणि २०१९ मध्ये जाहीर झालेला अजित प्रोसेसर स्पार्क व्ही८ आराखड्यावर आहे. त्या आराखड्यात इंटरप्टच्या १५ पातळ्या असतात, आणि ट्रॅप चालू असताना पंधरावी पातळी अडवता येत नाही. सी-डॅकचे वेगा प्रोसेसर रिस्क-फाइव्हचे. त्या जगात पीएलआयसी नावाच्या कंट्रोलरचा नियम आणखी वेगळा: शून्य क्रमांकाचा इंटरप्ट नसतोच, आणि ज्याची प्राधान्यपातळी शून्य, त्याची हाक कधीच पोचत नाही. अशा प्रत्येक चिपवर कर्नल बसवताना कोणीतरी हे सगळं बिनचूक लिहून द्यावंच लागतं. ते आपल्याकडच्या मुलांनी का लिहू नये?

त्यासाठी बोर्ड विकत घ्यायचीही गरज नाही. क्यूएमू या एम्युलेटरच्या एआरएम ‘व्हर्ट’ मशीनमध्ये सिरियल पोर्ट ३३ वरच असतो. त्याची डिव्हाइस ट्री फाइलमध्ये काढून घ्यावी, तो १ खोडून ३३ लिहावा आणि लिनक्स बूट करावा. नंतर १ परत लिहून, लॉगिन करून, प्रॉक इंटरप्ट्स ही फाइल पुन्हा पुन्हा उघडावी. प्रत्येक वेळी सिरियल पोर्टसमोरचा आकडा वाढलेला दिसतो. ८२५९ च्या प्रॅक्टिकलला लागूनच हे करून घेता येईल, एका दुपारीत.